मंजुळाच्या गाठोड्यातली अर्धी कामं

"आराम करा, मास्तर."

उजवा पाय कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये होता, तेव्हा हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्या दिवसांत माझं नावसुद्धा तितक्यांदा कुणी घेतलं नसेल. सांगणारा सांगायचा आणि आपल्या दोन पायांनी चालत निघून जायचा. मी त्याच्या पाठीकडे बघत दात आवळायचो. आता काठी घेऊन का होईना, मीही चालतो. ज्याला आज कुणीतरी अंथरुणावर पाडून 'आराम कर' म्हणून सांगितलं आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांचं मला कळत नाही, ते डॉक्टरला विचारावं. पडून राहण्याचं मात्र मला कळतं.

सुरतेचा फोटो

मी अक्कलकुव्याच्या शाळेत मास्तर होतो. होळीच्या आधीपासून उजवा खुबा दुखत होता. मुलं शाळेत आणायला डोंगरातल्या पाड्यांवर पायी हिंडावं लागे, त्यामुळे पाय भरून येत असेल असं मी धरून चाललो. मग लंगडू लागलो. मग कूस बदलतानाही तोंडातून ओरडणं निघू लागलं. सुटीत कोरीटला घरी आलो, तेव्हा आईने मला डाम देणाऱ्याकडे नेलं. मुलांना आरोग्याचे धडे शिकवणारा मी निमूट पालथा पडलो आणि त्याने तापल्या लोखंडाने खुब्यावर तीन डाग दिले. दुखणं होतं तसंच राहिलं, वर तीन फोड आले.

शेवटी मोठ्या भावाने, दादाने, मला नंदुरबारहून आगगाडीने सुरतेला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात खुब्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, माझ्या डागांकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता दादाला म्हणाले, "हाडकानो क्षय छे. छ महिना पथारीमां."

गुजराती आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "काही नही रे मुरली. सांधा सुजेल शे."

"दादा, माले ऐकू येस," मी म्हणालो.

तो खाली फरशीकडे बघू लागला.

आमच्या गल्लीत एकाला छातीचा क्षय झाला होता. तो गेल्यावर त्याची खाट, भांडी, पांघरुणं, सगळं गावाबाहेर नेऊन जाळलं होतं. ते मी लहानपणी पाहिलं होतं. डॉक्टर पुढे सांगत होते की हा खुब्यातला आजार आहे, श्वासातून पसरणारा नाही, दूध द्या, अंडी द्या, माशाचं तेल द्या. मला मात्र ती जळणारी खाटच दिसत होती.

तीन आठवडे तिथे ठेवलं. पहाटे थर्मामीटर, मग माशाच्या तेलाचा चमचा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. त्या फेरीची वाट सकाळभर बघायची आणि ते आले की पायथ्याचा कागद वाचून पुढच्या खाटेकडे जायचे. मी रोज एक प्रश्न तयार ठेवत असे. एकदाही तो विचारायला वेळ मिळाला नाही. प्लास्टर घातलं तेव्हा ते ओलं आणि गार होतं. दुखऱ्या पायाला बरं वाटलं. तेवढंच एक सुख सुरतेच्या नावावर लिहितो.

ओसरीवरची खाट

वैशाखात मला बैलगाडीतून आडवा करून कोरीटला आणलं. खान्देशातला वैशाख आणि अंगावर प्लास्टर. आत घामाचे ओघळ, त्यांवर खाज, आणि खाजवायला जागा नाही. ओसरीवर माझी खाट टाकली. आई दुरून पाणी ठेवायची आणि मग कोपऱ्यात जाऊन रडायची. तिचं ते दूर राहणं मला जितकं लागे, तितकंच तिचं रडणं माझ्या डोक्यात जाई.

आमच्या घरात अंड्याला कधी कुणी शिवलं नव्हतं. आईने स्पष्ट सांगितलं, "मन्हा चुलावर ते चढाव नही." माझी बायको मंजुळा गोठ्यामागे गेली. तिने तीन दगड मांडले, एक फुटकं मडकं ठेवलं आणि रोज तिथे एक अंडं उकडून पदराखाली माझ्यापर्यंत आणू लागली. आई तेवढा वेळ देवळात जायची. याच्यावर घरात कधी चर्चा झाली नाही.

मला उठवणं, पुसणं, भांडं देणं, सगळं मंजुळाच करायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. आता मीच तिला मूल झालो होतो, आणि ते मला सहन होत नव्हतं. त्यात माझ्या वाटणीचं वावर. मी नोकरीवर असताना ते निम्म्या वाट्याने कसायला दिलं होतं. कसणारा त्या वर्षी सोडून गेला आणि मंजुळा स्वतः वावरात जाऊ लागली. सकाळी मला उरकून ती जायची, ती दिवस कलल्यावर गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायची. मधला सगळा दिवस माझ्यासमोर ओसरीचं छप्पर. त्याच्या वाशांना मी पाठ होऊन गेलो असेन.

आषाढात एक दिवस भाकरी गार होती म्हणून मी ताट भिरकावलं. ते अंगणात जाऊन पालथं पडलं. मंजुळा नुकतीच वावरातून आली होती. तिने ताट उचललं, धुतलं, आत गेली. मला वाटलं रडत असेल. ती परत आली ती एक भलंमोठं गाठोडं घेऊन, आणि ते तिने माझ्या छातीवर टाकलं.

"हात चालू शेत ना तुम्हना? ताट फेकाले जमस, मंग सुई बी जमी."

गाठोड्यात काय होतं

गाठोड्यात तिची अर्धवट टाकलेली कामं होती. एक गोधडी, लग्नानंतर वर्षभरात सुरू केलेली: माझी जुनी धोतरं, वडिलांच्या पागोट्याचे तुकडे, तिची फाटकी लुगडी, सगळ्यांची ठिगळं जोडलेली, पण टाके फक्त एका बाजूने हातभर घातलेले. एक बाळाची कुंची, माझ्या बहिणीच्या, सखूच्या, पहिल्या मुलासाठी बेतलेली. ते मूल आता पळत होतं आणि दुसरं महिनाभराचं झालं होतं. आणि एक खाकी लोकरीचा स्वेटर. लढाई सुरू झाल्यावर अक्कलकुव्यात साहेबाच्या मडमेने बायकांना लोकर वाटून शिपायांसाठी मोजे विणायला शिकवले होते. मोजे गेले, उरलेल्या लोकरीतून मंजुळाने स्वेटर धरला होता. पाठ आणि पोट झालं होतं, बाह्या नव्हत्या. सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या घासून घेतलेल्या आऱ्या.

त्या आऱ्यांचा पहिला उपयोग मी प्लास्टरच्या आत खाजवायला केला. डोळ्यांत पाणी आलं इतकं बरं वाटलं. प्लास्टरमध्ये असलेल्यांनी हे डॉक्टरांना सांगू नये.

उताणं पडून शिवणं म्हणजे काय, ते करून बघावं. कापड छातीवर धरायचं, हात वर ठेवायचे, दहा टाक्यांत खांदे भरून येतात. सुई बोटात, दोरा दातांत, घाम डोळ्यांत. एकदा सुई हातातून सुटली आणि प्लास्टरच्या आतच गेली. तीन दिवस ती मांडीखाली टोचत होती, मग कुठेतरी अडकून बसली. मी गोधडी फेकून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी छपराकडे बघून बघून जीव गेला, तेव्हा आईकडून काठीने ती परत ओढून घेतली.

कुणी आलं की सगळं चादरीखाली लपवायचो. गावचे पाटील समाचाराला आले, त्यांना चादरीचा फुगवटा दिसला. त्यांनी टोक उचललं आणि मोठ्याने हसले. "बायको वावरमा नि मास्तर गोधडीमा!" दोन दिवसांत हे वाक्य गावभर झालं. विहिरीवर बायका ते म्हणतात, हे मला आईनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "ठी दे ते गाठोडं. लोक हासतस." आईला माझ्या पायापेक्षा लोकांची काळजी जास्त आहे असं मी बोललो. ते लागेल असंच बोललो. ती दोन दिवस ओसरीवर आली नाही.

मंजुळा मात्र संध्याकाळी येऊन माझं काम तपासायची. मी शाळेत पोरांच्या पाट्या तपासायचो तसंच. पहिल्या आठवड्यात तिने कापड उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "हाई शिवण शे का बैल मुतना?"

आणि कात्रीने सगळे टाके उसवले. चार दिवसांचं काम. मी तिला नको नको ते बोललो. ती उसवत राहिली.

परत आलेली कुंची

कुंची लहान होती म्हणून ती आधी पुरी केली. गळ्याशी लाल बंद लावले, मागची झालर दोनदा उसवून तिसऱ्यांदा बरी जमली. मंजुळा म्हणाली, "चालस." तिच्या तोंडून हा शब्द यायला श्रावण उजाडला होता. मला मॅट्रिक पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. सखूच्या सासरी जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर आम्ही कुंची पाठवली.

पाचव्या दिवशी तोच गाडीवान परत आला. कुंची एका फडक्यात बांधलेली होती आणि तो ते फडकं काठीच्या टोकाला अडकवून आणत होता. अंगणातच थांबून तो दादाला म्हणाला, "सखूनी सासू बोलनी, क्षयवालाना हातनं आमना पोऱ्याले नको." त्याने ते हळू सांगायचा प्रयत्न केला, पण ओसरीवर मला सगळं ऐकू आलं.

दादाने त्याला गप्प बसवलं. आई आत निघून गेली. मी ओरडलो, "जाळा ती. माझी खाटसुद्धा जाळा." शुद्ध मराठीत ओरडलो; फार चिडलो की माझ्या तोंडून शाळेची भाषा निघते. मग मी भिंतीकडे तोंड करावं म्हटलं, तर प्लास्टरमुळे तेही होईना. माणसाला रुसता यायलासुद्धा कंबर लागते.

मंजुळाने फडकं सोडलं. कुंची गरम पाण्यात उकळून दोरीवर वाळत घातली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. लाल रंग थोडा उतरला. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली.

भाऊबिजेला सखू स्वतः आली, सासूला न विचारता. तिने खुंटीवरची कुंची काढली आणि बाळाच्या डोक्यात घालायला गेली, तर ती बसेना. मधल्या महिन्यांत पोराचं डोकं वाढलं होतं. मी वाढवून देतो म्हणालो. ती म्हणाली, "मुरलीदादा, तू आधी त्याले हातमा ले." आणि बाळ माझ्या छातीवर ठेवलं. सहा-सात महिन्यांत मंजुळाखेरीज कुणीच, आईने-दादानेही, मला असं जवळून शिवलं नव्हतं. मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

बाही

आश्विनात मी स्वेटर हातात घेतला होता. विणायला मंजुळाने दोन संध्याकाळी शिकवलं. लोकरीचा गुंता सोडवताना मी सहज विचारलं, "हाऊ अर्धा काबर सोडा तू?"

ती भाकरीचं पीठ मळत होती. "तुम्हले याद नही?"

"काय?"

"अक्कलकुवाले. तुम्हना दोन मास्तर चहाले बठेल व्हतात. मी विनी ऱ्हायंती. तुम्ही त्यासले बोलनात, आमना बाईले कोनी सांगा, आठे म्हसीले बी थंडी वाजत नही. ते हासनात. तुम्ही बी हासनात."

"मंग?"

"मंग काय. गुंडाळी ठेवं."

मला आठवेना. पण ते वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. वर्गात अशीच वाक्यं टाकून मी पोरांना एकमेकांवर हसवत असे आणि स्वतःला हुशार समजत असे. मी गोधडीबद्दल विचारलं. ती म्हणाली की दर बदलीला सामान कमी कर म्हणून मीच ती कोरीटला ठेवायला लावली होती. कुंचीच्या वेळी आईने तिला कापूस वेचायला बोलावलं, आणि मी 'जा' म्हणालो होतो. प्रत्येक अर्ध्या कामाशी कुठेतरी माझा शब्द होता आणि मला एकही आठवत नव्हता. पाटलांच्या हसण्यावर मी महिनाभर जळत होतो. हिने किती वर्षं मनात ठेवलं असेल?

"मन्ही चूक व्हयनी," मी म्हणालो.

"चूक व्हयनी ते व्हयनी. आते बाही पुरी करा. गुतेल लोकर आधी सोडा."

मला वाटलं होतं, ती काही गोड बोलेल. ती परातीकडे वळली. मी गुंता सोडवत बसलो, आणि सोडवता सोडवता पुन्हा चिडलो, या वेळी माझ्यावरच. त्या रागाला भिरकावायला ताट नसतं.

प्लास्टर निघालं

कार्तिकात सुरतेला जाऊन प्लास्टर कापलं. आत माझा पाय नव्हताच, एक सुकलेली काठी होती, कातडीचे पापुद्रे निघत होते. गंजलेली सुई खाली पडली, तिच्याकडे डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. खुबा धरला होता. पाय दोन बोटं आखूड झाला होता. आजार थांबला आहे, पण खुबा वाकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. या वेळी मला सांगितलं, तेही माझ्या डोळ्यांत बघून. त्या माणसाबद्दल माझ्या मनात होतं ते त्या दिवशी बरंच कमी झालं.

घरी आलो तर शाळाखात्याचं पत्र येऊन पडलं होतं. माझ्या जागी दुसरा मास्तर नेमला होता. प्रकृतीचा दाखला आणल्यास पुढे विचार होईल.

त्या वेळी गोधडीचे टाके संपत आले होते, फक्त किनार राहिली होती. लढाईमुळे दुकानात कापड मिळत नव्हतं. मी मंजुळाला म्हणालो, "मन्हा कोट आन. काप तो. किनार व्हई." शाळेचा काळा कोट, तो पेटीत होता.

"कोट कापाना नही."

"मी आते मास्तर नही."

"मास्तर नही ते काय शेत? दर्जी? दर्जी इतला वाकडा शिवत नही."

मला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. तिने आतून तिचं एक जुनं हिरवं लुगडं आणलं आणि दातांनी सुरुवात करून त्याचा काठ टरटर फाडला. किनार लावायला गोधडी पसरावी लागते, ती उताणं पडून जमेना. दादाने मला धरून भिंतीला टेकवून बसवलं. पहिल्यांदा इतका वेळ बसलो. कंबर फाटत होती. चारी बाजू लावून होईपर्यंत बारा दिवस लागले. शेवटची गाठ मारली तेव्हा आई जवळ येऊन बसली होती, अगदी खाटेवर. तिने किनारीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुन्हा बापनं पागोटं शे हाई." ठिगळ तिने लगेच ओळखलं होतं.

गोधडी आईनेच पांघरायला नेली. स्वेटर मंजुळा घालू लागली, पौषात पहाटे मोटेच्या पाण्यावर जाताना, लुगड्यावर. बाह्या किंचित लांब झाल्या होत्या, ती दुमडून घेई. पाटलांनी तिला बघून काहीतरी म्हटलं म्हणे. तिने काय उत्तर दिलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण पाटील नंतर बरेच दिवस आमच्या गल्लीने आले नाहीत.

विसरवाडी

पुढच्या उन्हाळ्यात दाखला मिळाला आणि विसरवाडीच्या शाळेवर नेमणूक झाली. मोटारीच्या रस्त्यावरची शाळा, पायी हिंडणं कमी. मला वाटलं, झालं, संपली सगळी पीडा. मंजुळाला म्हणालो, "सामान बांध."

ती बांधावर वाकून मिरचीचं रोप बघत होती. त्या वर्षी तिने पाऊण वावर मिरचीला ठेवलं होतं, रोप स्वतः टाकलं होतं, आणि ते लावणीला आलं होतं.

"मी येनार नही," ती म्हणाली.

"दादा देखी ना मिरची."

"दादा देखी. पन हाई मी लायेल शे." ती उभी राहिली. "एक वार तुम्हना बोलनावर मी हातमधलं काम गुंडाळी ठेवं. आते नही ठेवसू."

मी खूप बोललो. एकटा कसा राहू, पाण्याचा हंडा कोण उचलेल, लोक काय म्हणतील. हे शेवटचं तोंडातून निघालं आणि मीच थांबलो. आई म्हणाली, बायको नवऱ्यासंगेच शोभते. दादा म्हणाला, मिरची चांगली आहे. मंजुळाने माझं सामान बांधलं, पिठाचा डबा भरला.

नंदुरबारला मोटारीच्या नाक्यावर ती सोडायला आली. मोटारीला उशीर होता. आम्ही झाडाखाली उभे राहिलो, मी काठीवर भार देऊन. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज पानीनी पाळी शे. मी निंघस."

"जाय," मी म्हणालो.

ती निघाली. मी चिडलो नव्हतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. खुबा ठणकत होता, पाठीवर ऊन होतं, आणि मी तिच्या चालण्याकडे बघत होतो. दोनदा हाक मारावीशी वाटली. मारली नाही. तिला उशीर झाला असता.